खोटे तेच, वाहन नवे

फेब्रुवारी २०२३ मधल्या एका रात्री अ‍ॅमस्टरडॅममध्ये प्रिन्सेनग्राख्त कालव्याकाठच्या २६३ क्रमांकाच्या इमारतीवर लेझरच्या झोताने एक डच ओळ उमटली. बॉलपेनचा शोध अ‍ॅन फ्रँकने लावला, अशा अर्थाची. याच इमारतीच्या मागच्या भागात अ‍ॅन फ्रँक ही ज्यू मुलगी जुलै १९४२ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत कुटुंबासह लपून राहिली होती. तिने आपली रोजनिशी इथेच लिहिली आणि नाझींनी तिला पकडून नेले तेही इथूनच. लेझरची ती ओळ दाखवणाऱ्यांना रस्त्यावरच्या प्रेक्षकांची गरज नव्हती. भिंतीवरच्या अक्षरांचे चित्रण टेलिग्रामवर फिरले, खरा प्रेक्षक तिथे होता. पुढे या प्रकरणात डच न्यायालयाने एका माणसाला शिक्षा ठोठावली.

त्या ओळीमागचा आरोप जुना आहे. बॉलपेन युरोपात रूढ झाले ते युद्धानंतर. तेव्हा रोजनिशी बॉलपेनने लिहिली असेल तर ती बनावट. आणि ती बनावट, तर ज्यूंच्या संहाराच्या साऱ्याच हकिकती बनावट, असा हा डाव. १९८० मध्ये पश्चिम जर्मनीच्या केंद्रीय गुन्हे अन्वेषण पोलिसांनी एका छोट्या अहवालात रोजनिशीच्या सुट्या पानांवर काही दुरुस्त्या बॉलपेनच्या शाईत असल्याचे नोंदवले. ‘डेर श्पीगेल’ने त्याची बातमी केली आणि संहार नाकारणाऱ्यांना आयते हत्यार मिळाले. नेदरलँड्सच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने मग कागद, शाई, हस्ताक्षर असे सारे तपासले. बॉलपेनचे अक्षर सापडले ते फक्त दोन सुट्या चिठोऱ्यांवर, आणि ते अ‍ॅनचे नव्हतेच. हस्ताक्षराची तपासणी झाली त्या वेळी ते चिठोरे पानांत राहून गेले होते. १९८६ मध्ये रोजनिशीच्या चिकित्सक आवृत्तीत हे निष्कर्ष छापले गेले. २००६ मध्ये जर्मन पोलिसांनीही सांगितले, की आमच्या जुन्या अहवालाच्या आधारे रोजनिशीच्या खरेपणावर शंका घेता येत नाही. प्रश्न निकालात निघाला होता. तरीही सतरा वर्षांनी तेच खोटे प्रकाशाच्या झोतात बसून परत आले.

नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख ज्यूंना ठार मारले, हे विसाव्या शतकातले सर्वाधिक पुराव्यांनिशी सिद्ध झालेले सत्य आहे. ते नाकारणाऱ्यांकडे गेल्या पाऊणशे वर्षांत नवा पुरावा एकही आलेला नाही. त्यांच्याकडे नवे आले ते फक्त माध्यम. प्रत्येक काळात लोक ज्या साधनावर विश्वास ठेवतात, ते साधन त्यांनी उचलले आणि त्या विश्वासाच्या आड आपला ज्यूद्वेष लपवला. नाकाराचा इतिहास सांगायचा तर तो या उसन्या विश्वासाचा इतिहास म्हणूनच सांगावा लागतो.

पहिले नाकारणारे

सुरुवात मारेकऱ्यांपासूनच होते. ४ ऑक्टोबर १९४३ रोजी पोझेन शहरात नाझींच्या एसएस दलाचा प्रमुख हाइनरिख हिमलर याने आपल्या अधिकाऱ्यांपुढे भाषण केले. ज्यूंच्या समूळ नाशाबद्दल तो उघड बोलला आणि हे आपल्या इतिहासातले गौरवाचे पान असले तरी ते कधी लिहिले जाणार नाही, असेही त्याने बजावले. त्या भाषणाचे ध्वनिमुद्रण शिल्लक राहिले आणि लपवू पाहणाऱ्याचाच आवाज त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला.

त्याआधीच, १९४२ पासून, पॉल ब्लोबेल या एसएस अधिकाऱ्याच्या हाताखाली ‘१००५’ या क्रमांकाची गुप्त मोहीम सुरू झाली होती. सामूहिक कबरी उकरायच्या, प्रेते जाळायची, हाडांचा चुरा करायचा, आणि हे काम ज्या कैद्यांकडून करून घेतले त्यांनाही मारून टाकायचे. ट्रेब्लिंकाची संहारछावणी पाडून त्या जागी शेतघर उभे केले गेले. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा जवळ आल्या तेव्हा आउशवित्झ-बिर्केनाऊमधली गॅस चेंबर आणि दाहभट्ट्या सुरुंग लावून उडवल्या गेल्या. पुरावा मिटवणे हा हत्येच्या योजनेचाच भाग होता. नंतरचा प्रत्येक नाकारवादी हेच काम पुढे चालवतो.

बळी पडणाऱ्यांनी हे ओळखले होते. वॉर्सॉच्या घेट्टोत इतिहासकार एमान्युएल रिंगेलब्लुम यांनी ‘ओनेग शब्बात’ नावाचा गुप्त गट जमवला. आदेश, पत्रे, निबंध, शिधापत्रिका, मृत्यूच्या नोंदी असे जे मिळेल ते गोळा करून या गटाने पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले. पेट्या सप्टेंबर १९४६ मध्ये सापडल्या, कॅन डिसेंबर १९५० मध्ये. रिंगेलब्लुम मार्च १९४४ मध्येच मारले गेले होते, आणि गटातल्या सुमारे साठ जणांपैकी तिघेच वाचले. बिर्केनाऊमध्ये प्रेते जाळायला जुंपलेल्या कैद्यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये जिवावर उदार होऊन चार छायाचित्रे काढली आणि ती टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये दडवून बाहेर पाठवली. आपण जगणार नाही हे या माणसांना ठाऊक होते; निदान आपली साक्ष जगावी यासाठी त्यांची धडपड होती.

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सेनापती ड्वाइट आयझेनहॉवर यांनी मुक्त झालेल्या ओर्ड्रुफ छावणीची कोपरान्‌कोपरा पाहणी केली. तीन दिवसांनी जनरल मार्शल यांना लिहिताना त्यांनी कारण नोंदवले: उद्या कुणी हा सारा निव्वळ प्रचार होता असे म्हणू लागले, तर आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष देता यावी. त्यांनी पत्रकार आणि लोकप्रतिनिधी यांनाही छावण्या दाखवायला बोलावून घेतले. त्यांची शंका खरी ठरायला फार वर्षे लागली नाहीत.

विद्वत्तेचा अंगरखा

१९५० मध्ये फ्रान्समध्ये पॉल रासिनिए यांचे पुस्तक आले. रासिनिए शिक्षक होते, समाजवादी होते आणि नाझींच्या बुखेनवाल्ड व डोरा छावण्यांत स्वतः कैद भोगून आलेले होते. छळ सोसलेला माणूसच जेव्हा संहाराच्या साक्षी अतिरंजित असल्याचे सांगतो, तेव्हा ऐकणारा थबकतो. पण बुखेनवाल्ड आणि डोरा या छावण्यांत माणसांना मरेपर्यंत राबवले जाई. गॅसने माणसांना घाऊक मारले जाई ते प्रामुख्याने पोलंडच्या भूमीवरच्या खेल्मनो, बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका, मायदानेक आणि आउशवित्झ इथे. आपण जिथे नव्हतोच तिथले आपण पाहिले नाही, म्हणून ते घडलेच नाही, असा हा युक्तिवाद होता.

१९७४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘रिचर्ड हारवुड’ या नावाने एक पुस्तिका निघाली. लेखक लंडन विद्यापीठाशी संबंधित असल्याचे तिच्यात म्हटले होते. प्रत्यक्षात हारवुड नावाचा कुणी नव्हता. लेखक होता रिचर्ड व्हेरॉल, नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाच्या मुखपत्राचा संपादक. नाझी छळाचे बळी फक्त तीन लाखांच्या आसपास होते, असा आकडा या पुस्तिकेने रेड क्रॉसच्या नावावर खपवला. असा आकडा आपण कधीच दिला नाही, असे रेड क्रॉसने स्पष्ट केले. तरी पुस्तिकेची भाषांतरे होत राहिली आणि ती देशोदेशी वाटली गेली. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुन्हा भेटणार आहे.

दोन वर्षांनी अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे आर्थर बट्झ यांनी संहाराला शतकातली फसवणूक ठरवणारे पुस्तक लिहिले. विषय इतिहासाचा, पदवी अभियांत्रिकीची. पण मुखपृष्ठावरच्या नावामागे प्राध्यापकाचे वजन उभे राहिले. १९७८ मध्ये विलिस कार्टो या जुन्या ज्यूद्वेष्ट्याने कॅलिफोर्नियात एक ‘इतिहास संशोधन संस्था’च काढली. १९८० पासून तिचे नियतकालिक निघू लागले: तळटिपा, संदर्भसूची, पुस्तक परीक्षणे, वार्षिक परिषदांची वृत्ते. स्वस्तिक नाही, शिवीगाळ नाही. हे लोक स्वतःला इतिहासाचे फेरविचारक म्हणवत. खरा इतिहासकार फेरविचार करतोच, पण तो पुराव्याच्या मागे जातो. यांचा निष्कर्ष आधी ठरलेला होता, पुरावा त्याच्या मापाने कापला जात होता.

या संस्थेने आउशवित्झमध्ये ज्यूंना गॅसने मारल्याचे सिद्ध करणाऱ्याला ५० हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. मेल मर्मेलस्टाइन यांची आई आणि दोन बहिणी तिथेच मारल्या गेल्या होत्या. त्यांनी आव्हान स्वीकारले, आणि पैसे मिळत नाहीत असे दिसल्यावर दावा लावला. ९ ऑक्टोबर १९८१ रोजी लॉस एंजेलिसचे न्यायाधीश थॉमस जॉन्सन यांनी १९४४ च्या उन्हाळ्यात आउशवित्झमध्ये ज्यूंना गॅसने मारले गेले, ही बाब वेगळ्या पुराव्याची गरज नसलेले सत्य म्हणून न्यायालयाच्या नोंदीवर घेतली. १९८५ मध्ये संस्थेला मर्मेलस्टाइन यांची माफी मागावी लागली आणि ९० हजार डॉलर द्यावे लागले.

फ्रान्समध्ये ल्याँच्या विद्यापीठात साहित्य शिकवणारे रोबेर फोरिसाँ यांना २९ डिसेंबर १९७८ रोजी ‘ल माँद’ या प्रतिष्ठित दैनिकात जागा मिळाली. गॅस चेंबर म्हणजे केवळ अफवा, हे म्हणणे आता देशातल्या सर्वांत विश्वासार्ह वृत्तपत्राच्या पानावर छापलेले होते. उत्तर छापले गेले, प्रत्युत्तर आले आणि वाचकाला वाटले की इथे दोन बाजू आहेत. फोरिसाँ यांना तेवढेच हवे होते. आई-वडील आउशवित्झमध्ये गमावलेले इतिहासकार पिएर विदाल-नाके यांनी यावर एक भूमिका घेतली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही: नाकारवाद्यांविषयी बोलावे, त्यांचे खोटे ओळीओळीने उघडे करावे, पण त्यांच्याशी वादाला बसू नये. वादाला बसणे म्हणजेच त्यांना इतिहासकार मानणे.

याच काळातली एक घटना फार बोलकी आहे. झाँ-क्लोद प्रेसाक हे औषधविक्रेते आरंभी फोरिसाँ यांच्या वर्तुळात वावरत होते. शंका घेऊन ते आउशवित्झच्या दप्तरात शिरले. बांधकाम विभागाची पत्रे, गॅस न गळणाऱ्या दारांच्या मागण्या, वायुवीजनाचे नकाशे, गॅस ओळखणाऱ्या उपकरणांची चौकशी असे कागद त्यांनी एकेक करून पाहिले आणि त्यांचे मत बदलले. १९८९ मध्ये त्यांनी आउशवित्झची गॅस चेंबर कशी बांधली व चालवली गेली यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. शंका प्रामाणिक असेल तर ती कागदांपाशी पोहोचते आणि तिथे मिटते, हे त्यांनी दाखवून दिले.

न्यायालय हाच रंगमंच

अर्न्स्ट झुंडेल हा जर्मनीतून कॅनडात आलेला चित्रकार-मुद्रक. टोरंटोतल्या घरातून तो हारवुडची पुस्तिका छापून जगभर पाठवी. १९८५ मध्ये खोट्या बातम्या पसरवल्याबद्दल त्याच्यावर खटला चालला, तेव्हा तो डोक्यावर शिरस्त्राण घालून आणि एकदा तर खांद्यावर क्रूस घेऊन न्यायालयात आला. दूरचित्रवाणीचे कॅमेरे बाहेर उभे होतेच. संहाराचे थोर अभ्यासक राउल हिलबर्ग यांची उलटतपासणी झाली, छावण्यांतून वाचलेल्या वृद्धांना तुम्ही हे खरेच पाहिले का असे विचारले गेले, आणि रोजच्या बातम्यांत आरोप व सत्य शेजारी-शेजारी छापले गेले.

१९८८ च्या फेरखटल्यासाठी झुंडेलच्या बाजूने फ्रेड लॉयख्टर या अमेरिकी माणसाला पोलंडला पाठवले. तुरुंगातल्या फाशी-यंत्रणांचा हा कंत्राटदार स्वतःला अभियंता म्हणवत असे. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. आउशवित्झ, बिर्केनाऊ आणि मायदानेक इथे त्याने परवानगी न घेता भिंतींचे तुकडे काढले, अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत दिले आणि सायनाइड जवळजवळ आढळले नाही, तेव्हा इथे गॅस वापरलाच नव्हता, असा अहवाल लिहिला. ज्या रसायनतज्ज्ञाने ते तुकडे तपासले त्यानेच पुढे दोष दाखवला. सायनाइड भिंतीच्या अगदी पृष्ठभागापुरतेच शिरते. जाड तुकडा कुटून त्याची भुकटी केली की तो पातळ थर विरून जातो. शिवाय माणूस मारायला उवा मारण्यापेक्षा कितीतरी कमी वायू लागतो. क्राकोच्या न्यायवैद्यक संस्थेने योग्य पद्धतीने नमुने तपासून १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: गॅस चेंबरच्या अवशेषांत सायनाइडच्या खुणा होत्या, कैद्यांच्या राहण्याच्या बराकीत नव्हत्या. पण तोवर लॉयख्टरचा अहवाल आलेख आणि तक्ते मिरवत जगभर पोहोचला होता. आधी इतिहासाचा अंगरखा होता, आता प्रयोगशाळेचा पांढरा कोट आला.

१९९२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने खोट्या बातम्यांविषयीचा तो कायदाच अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या निकषावर रद्द केला आणि झुंडेल सुटला. त्याच सुमारास अमेरिकेत ब्रॅडली स्मिथ हा नाकारवादी विद्यापीठांच्या विद्यार्थी-वृत्तपत्रांत पान-पान जाहिराती देत होता. जाहिरातींचा सूर सभ्य होता: आम्ही फक्त खुली चर्चा मागतो. विद्यार्थी संपादकांना वाटले, नकार दिला तर ती सेन्सॉरशिप होईल. काहींनी जाहिरात छापली. जाहिरात स्वीकारायची की नाही हे ठरवणे संपादकाचा हक्कच असतो, ही साधी गोष्ट त्या गोंधळात मागे पडली. ड्यूक विद्यापीठाच्या इतिहास विभागाने तिथल्या विद्यार्थी-वृत्तपत्रात निवेदन देऊन सांगितले, की तपशिलांवर इतिहासकारांत वाद असतात, पण संहार झाला की नाही यावर वाद नाही.

तारेवरून आलेला द्वेष

इंटरनेट सर्वसामान्यांच्या घरी पोहोचण्याच्या दहा वर्षे आधी, १९८४ च्या सुमारास, अमेरिकेतल्या वर्णवर्चस्ववाद्यांनी टेलिफोनच्या तारेने जोडलेली संगणकी सूचनाफलकांची जाळी उभारली होती. सरहद्दीवर जप्त होणारे साहित्य तारेतून जप्तीशिवाय जाते, हा फायदा त्यांनी फार लवकर ओळखला. १९९५ मध्ये कु क्लक्स क्लॅनच्या एका माजी नेत्याने ‘स्टॉर्मफ्रंट’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्याच वर्षी झुंडेलचे संकेतस्थळही कॅलिफोर्नियातल्या संगणकावरून चालू झाले.

जानेवारी १९९६ मध्ये जर्मनीच्या डॉइचे टेलिकॉमने ते संकेतस्थळ ज्या सेवेवर होते, तिचा मार्गच बंद केला. त्या सेवेवरची इतर निरुपद्रवी संकेतस्थळेही त्यात अडकली. यावर अमेरिकेतल्या काही तरुणांनी झुंडेलच्या पानांच्या प्रती विद्यापीठांच्या संगणकांवर चढवल्या. ते नाकारवादी नव्हते, बंदीला विरोध करणारे होते. परिणाम मात्र एकच: एका ठिकाणचे खोटे अनेक ठिकाणी गेले, तेही विद्यापीठांच्या पत्त्यावर. छापील कागद अडवता येत होता, हा मजकूर तसा अडेना, हे त्या महिन्यात सर्वांना कळले.

दुसरा मार्ग कॅनडाच्या केन मॅकव्हे यांनी दाखवला. विद्यापीठाशी काही संबंध नसलेल्या या माणसाने ‘निझकोर’ नावाचा प्रकल्प उभा केला. नाकारवाद्यांची ‘६६ प्रश्नोत्तरे’ तेव्हा सगळीकडे फिरत होती. मॅकव्हे आणि त्यांच्या स्वयंसेवक सहकाऱ्यांनी त्यातल्या प्रत्येक उत्तरासमोर मूळ कागदपत्रांनिशी खंडन ठेवले. हे काम कंटाळवाणे होते, पण त्यामुळे गोंधळलेल्या विद्यार्थ्याला जाण्यासाठी एक जागा तयार झाली.

या काळातली निर्णायक लढाई मात्र लंडनच्या जुन्या न्यायदालनात झाली. डेव्हिड आयर्विंग हा वाचकप्रिय लेखक. त्याची युद्धावरची पुस्तके मोठ्या प्रकाशकांनी काढली होती. अमेरिकी इतिहासकार डेबोरा लिपस्टॅट यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात त्याला नाकारवाद्यांचा धोकादायक प्रवक्ता म्हटले, तेव्हा १९९६ मध्ये त्याने त्यांच्यावर आणि पेंग्विन प्रकाशनावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. ब्रिटिश कायद्यानुसार आपले म्हणणे खरे आहे हे सिद्ध करण्याचा भार लिपस्टॅट यांच्यावर पडला.

झुंडेलच्या खटल्यात काय झाले हे त्यांच्या वकिलांना ठाऊक होते. छावण्यांतून वाचलेल्या कुणालाही साक्षीला बोलवायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्या माणसांना आयर्विंगच्या उलटतपासणीला सामोरे जायला लावणे त्यांना मान्य नव्हते. कसोटी लावली ती आयर्विंगच्या तळटिपांना. केंब्रिजचे इतिहासकार रिचर्ड इव्हान्स आणि त्यांच्या साहाय्यकांनी त्याची पुस्तके आणि मूळ जर्मन कागद शेजारी ठेवून दोन वर्षे तपासली. एक नमुना पुरे आहे. ३० नोव्हेंबर १९४१ रोजी हिमलरने फोनवरच्या संभाषणाची टाचण लिहिली: बर्लिनहून निघालेली ज्यूंची गाडी, तिच्यातल्यांना मारू नये. यावरून आयर्विंगने लिहिले, की हिटलरने ज्यूंना मारण्यास सर्वसाधारण मनाई केली होती. टाचण एका गाडीपुरती होती. आणि ती लिहिली गेली तोवर त्या गाडीतल्या सुमारे हजार ज्यूंना रिगाजवळ गोळ्या घालून संपवलेले होते. अशा चुका अनेक सापडल्या आणि त्या सगळ्या एकाच दिशेने, हिटलरच्या बाजूला झुकत होत्या. निव्वळ अनवधान असते तर त्या दोन्ही दिशांना विखुरल्या असत्या.

११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांनी निकाल दिला: आयर्विंग ज्यूद्वेष्टा आणि वंशवादी आहे, संहार नाकारणारा आहे आणि त्याने ऐतिहासिक पुरावा सातत्याने व जाणूनबुजून वाकवला आहे. विद्वत्तेचा अंगरखा त्या दिवशी फाटला. खटल्याचे कामकाज आणि तज्ज्ञांचे अहवाल पुढे एमरी विद्यापीठाने इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केले.

ओळीचा, चित्राचा आणि यंत्राचा काळ

आयर्विंगच्या पराभवानंतर नाकारवाद्यांनी ग्रंथ लिहिण्याचा नाद कमी केला. ग्रंथाला तळटीप लागते आणि तळटीप तपासता येते. नव्या माध्यमांत त्यांना तळटिपेची गरजच उरली नाही.

आधी त्यांनी शोधयंत्राचा विश्वास उचलला. डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने दाखवून दिले, की ज्यूंचा संहार झाला होता का, असे गूगलला इंग्रजीत विचारले तर पहिल्या क्रमांकावर स्टॉर्मफ्रंटचे पान येते. असा प्रश्न अभ्यासक विचारत नाही. तो विचारतो गोंधळलेला मुलगा. त्याच शब्दांत पान लिहून ठेवले की यंत्र त्याला नेमके तिथे नेऊन सोडते. टीकेनंतर गूगलने क्रमवारीत बदल केला.

मग समाजमाध्यमे आली. जुलै २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी मुलाखतीत सांगितले, की स्वतः ज्यू असल्याने त्यांना असा मजकूर अत्यंत दुखावणारा वाटतो, तरी लोकांची चूक अजाणतेपणीही होऊ शकते, म्हणून फेसबुक तो काढणार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी धोरण बदलले आणि असा मजकूर बंद केला. यूट्यूबने ते २०१९ मध्येच केले होते. बंदी येताच मजकूर टेलिग्रामसारख्या मोकळ्या जागी सरकला. युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालानुसार टेलिग्रामवर या संहाराविषयीच्या सार्वजनिक मजकुरापैकी जवळजवळ निम्मा मजकूर तो नाकारणारा किंवा विपर्यस्त करणारा होता. फेसबुकवर हे प्रमाण ८ टक्के होते.

भाषाही बदलली. सरळ विधान केले तर ते काढले जाते, म्हणून प्रश्नाचे रूप आले. शब्द पकडले जातात, म्हणून आकडे आणि खुणा आल्या. राग दिसला तर लोक सावध होतात, म्हणून विनोद आला. भट्ट्या किती, वेळ किती, याची खोटी गणिते व्यंगचित्रांच्या रूपात मुलांच्या फोनवर पोहोचतात. हसून पुढे पाठवणाऱ्याला आपण काय पाठवले हे कळतही नाही, आणि कुणी हरकत घेतली तर गंमत होती म्हणून हात वर करता येतात.

गेल्या काही वर्षांत ‘२,७१,०००’ हा आकडा असाच फिरतो आहे. रेड क्रॉसच्या मते छावण्यांत एवढेच लोक मेले, असा दावा. हा १९७४ च्या पुस्तिकेतल्या आकड्याचाच नवा अवतार. त्यामागे आहे जर्मनीतल्या आरोल्सेन इथल्या नोंदणी कार्यालयाने अर्ज आल्यावर एकेका व्यक्तीसाठी दिलेल्या मृत्यूच्या दाखल्यांची बेरीज. गाडीतून उतरवून थेट गॅस चेंबरमध्ये नेलेल्यांची छावणीत नोंदच होत नसे. ज्यांचे सगळे कुटुंबच संपले त्यांच्यासाठी अर्ज करणार कोण? आउशवित्झच्या स्मारकफलकाचेही असेच भांडवल केले जाते. साम्यवादी काळातल्या फलकावर ४० लाख बळींचा आकडा होता. इतिहासकार फ्रान्सिशेक पिपर यांच्या संशोधनानंतर तो सुमारे ११ लाख ठरला. मग ६० लाखांतून ३० लाख का वजा केले नाहीत, असे विचारले जाते. कारण इतिहासकारांनी ते ४० लाख कधी धरलेच नव्हते. हिलबर्ग यांनी १९६१ मध्येच आउशवित्झचे ज्यू बळी सुमारे १० लाख आणि एकूण ५१ लाख असा हिशेब मांडला होता. असे उत्तर द्यायला परिच्छेद लागतो, खोट्याला एक चित्र पुरते. नव्या माध्यमात नाकारवाद्यांचे सारे बळ या विषमतेत आहे.

त्याची किंमत माणसे मोजतात. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी, जर्मनीतल्या हाले शहरात एक तरुण शस्त्रे घेऊन सिनेगॉगवर चालून गेला. हल्ल्याचे तो इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करत होता आणि त्याने पहिल्याच वाक्यात संहार घडलाच नव्हता असे जाहीर केले. सिनेगॉगमध्ये पन्नासहून अधिक माणसे होती. दार तुटले नाही म्हणून ती वाचली. बाहेर दोघांचा जीव गेला. पूर्वीचा संहार नाकारणारा नव्याची तयारी करत असतो, हे यापेक्षा स्पष्ट कसे दिसणार?

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. मे २०२५ मध्ये ‘ग्रोक’ या संवादयंत्राने ६० लाखांच्या आकड्यावर शंका व्यक्त केली. कंपनीने त्याचे खापर कुणीतरी परवानगीविना केलेल्या बदलावर फोडले. उलट बाजूचा धोकाही आहे. युनेस्कोने २०२४ च्या अहवालात नोंदवले, की एका संवादयंत्राने ज्यूंना नद्यांत आणि तळ्यांत बुडवून मारण्याची कधी न घडलेली मोहीमच रचून सांगितली. समाजमाध्यमांवर बळींची यंत्राने बनवलेली चित्रे करुण कथांसह फिरू लागली, तेव्हा २०२५ मध्ये आउशवित्झच्या संग्रहालयाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. खोटी करुणाही नाकारवाद्यांच्याच कामी येते. एक बनावट चित्र उघडे पडले की हजार खऱ्या छायाचित्रांवर बोट ठेवता येते.

आपल्या दारात

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. बेने इस्राएल हा ज्यू समाज शतकानुशतके कोकणात राहिला, मराठी बोलला, मराठीत कीर्तने करत आला. नाझींमुळे युरोप सोडलेल्या ज्यूंपैकी काहींना १९३० च्या दशकात मुंबईने आसरा दिला. आकाशवाणीच्या ओळखीच्या धूनचे श्रेय ज्यांना दिले जाते ते वॉल्टर कॉफमन त्यांच्यातलेच. तरीही हिटलर म्हणजे शिस्त आणि देशभक्ती, अशी समजूत आपल्याकडे घराघरांत आढळते, आणि त्याचे आत्मचरित्र रस्त्याकडेच्या पुस्तकांच्या ढिगात सहज मिळते. ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला हिटलरचे नाव दिलेले रेस्टॉरंट उघडले. ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते नाव बदलले गेले. हा द्वेष नव्हता, अज्ञान होते. पण नाकारवाद्याला अज्ञानच लागते. हिटलरची वाहवा ऐकत वाढलेल्या मुलाला ६० लाखांचा आकडा फुगवलेला आहे असा संदेश आला, तर त्यावर विश्वास ठेवण्याची त्याची तयारी आधीच झालेली असते.

यावर कायदे असावेत की नसावेत, याबाबत प्रामाणिक मतभेद आहेत. फ्रान्सने १९९० मध्ये संहार नाकारणे हा गुन्हा ठरवला, अमेरिकेत तो गुन्हा नाही. पण पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहता एक गोष्ट निर्विवाद आहे: नाकारवादी प्रत्येक वेळी हरले ते मूळ कागदापुढे. प्रेसाक यांच्या हातातल्या नकाशांपुढे, इव्हान्स यांनी उघडलेल्या तळटिपांपुढे. आज तो कागद कुणालाही घरबसल्या पाहता येतो. आरोल्सेनच्या संग्रहातली लाखो कागदपत्रे इंटरनेटवर खुली आहेत. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकात ४८ लाखांहून अधिक बळींची नावे एकेक करून नोंदवली गेली आहेत. आकडा फुगवलेला आहे म्हणणाऱ्याला ती यादी हेच उत्तर आहे.

म्हणून वाचकांना, विशेषतः शिक्षकांना आणि पालकांना, एक सांगणे आहे. असा मजकूर फोनवर आला तर तो गंमत म्हणूनही पुढे पाठवू नका. पाठवणारा ओळखीचा असेल तर त्याला विचारा: मूळ कागद कोणता, त्यात पुढे-मागे काय लिहिले आहे, आणि हे पसरवणारा आणखी काय पसरवतो? मुलाने विचारले तर रागावू नका, त्याच्यासोबत बसून मूळ नोंद शोधा. ६० लाख माणसे मारली गेली, हा वादाचा विषय नाही. ज्यांनी ती मारली त्यांना हे कुणाला कळू द्यायचे नव्हते. ते कळत राहील हे पाहणे आता आपले काम आहे.